एमआयटीची फाइल टाकली की झाले का? संशोधन-सॉफ्टवेअर खुले करताना परवाने आणि श्रेय

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातला एक छोटा संशोधक गट आहे: संगणकशास्त्राचे दोन विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि मोडी सहज वाचणारे दांडिया बाजारातले एक निवृत्त काका. संस्थानकाळातल्या मोडी कागदांच्या स्कॅनमधून ओळी आणि अक्षरे सुटी करणारे पायथन सॉफ्टवेअर त्यांनी लिहिले आहे. लेख तयार आहे आणि नियतकालिकाने कोड खुला करायला सांगितले आहे. कोडमध्ये नमपाय, सायपाय, ओपनसीव्ही आणि पायटॉर्च या तयार लायब्ररी आहेत. पडद्यावरची खिडकी पायक्यूटी५ ची आहे, ओळी शोधायला अल्ट्रालिटिक्स कंपनीचे योलो हे चित्रातल्या वस्तू शोधणारे मॉडेल आहे. डागाळलेल्या कागदावरून शाई वेगळी करणारी एक सी फाइल गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या कुणाच्या तरी खात्यातून आली आहे आणि तिला परवाना नाही. एक फंक्शन स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचे, फॉन्ट नोटो सान्स मोडी. विंडोजवर थेट चालणारी एक्झी फाइलही द्यायची आहे, कारण दप्तरातली माणसे पायथन बसवत बसणार नाहीत. या सगळ्यावर एमआयटी हा छोटा, सैल खुला परवाना लावून मोकळे होता येईल का, आणि कुणाचे नाव कुठे घालायचे?

आज आहे तसे होता येणार नाही. अडकते तीन ठिकाणी: ती सी फाइल, योलो, आणि पायक्यूटीसकट बांधलेली एक्झी. बाकीचे काम नीट बसलात तर एका दिवसात उरकते.

आधी एक गाठ सोडवू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. परवान्याच्या अटी तुम्ही काय वाटता त्यावर लागू होतात. श्रेय तुमचा निष्कर्ष कशावर उभा आहे त्यावर ठरते. लेखात नमपायचा २०२० चा नेचरमधला लेख उद्धृत केलात म्हणून एक्झीत कोंबलेल्या नमपायच्या बीएसडीची (हाही एमआयटीसारखाच सैल परवाना) अट पुरी होत नाही. उलट एक्झीसोबत बीएसडीचा मजकूर इमानदारीने दिलात तरी नमपायवाल्यांच्या खात्यात एकही उद्धरण जमा होत नाही. या दोन वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

पहिली वही वाटपाची. प्रत्येक परक्या गोष्टीपुढे एवढेच लिहा की ती तुमच्याकडून लोकांपर्यंत कशी जाते. तुमच्या रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या कोडच्या साठ्यात, तिचा कोड उतरवलेला आहे का? की नुसते इंपोर्ट आहे आणि वापरणारा ती स्वतः पिप या पायथनच्या साधनाने उतरवून घेणार? एक्झीत किंवा डॉकर इमेजमध्ये (सगळ्या लवाजम्यासह चालणाऱ्या तयार डब्यात) ती बांधली जाते का? की फक्त तुमच्या संगणकावर चालली आणि बाहेर काहीच गेले नाही? एकच वस्तू दोन ठिकाणी येऊ शकते. नमपाय रेपोत नुसते इंपोर्ट आहे, पण एक्झीत अख्खे बसलेले आहे. त्यामुळे रेपोसाठी नमपायचे काहीच करावे लागत नाही, आणि एक्झीसाठी त्याची परवाना-फाइल सोबत द्यावीच लागते. ही वही न करता थेट कोणता परवाना निवडू इथे पोचले की माणूस हमखास घसरतो.

आता त्या सी फाइलकडे. परवाना लिहिलेला नाही म्हणजे मोकळे रान, असा समज सर्रास आढळतो आणि तो उलटा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २(ओ) प्रमाणे संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच आहे. लिहिणाऱ्याने परवानगी दिली नाही तर सगळे हक्क त्याच्याकडेच राहतात. गिटहबच्या अटींमुळे इतरांना सार्वजनिक रेपो पाहता येतो आणि गिटहबवरच फोर्क, म्हणजे त्याची स्वतःची प्रत, करता येतो. तुमच्या रेपोत घालून एमआयटीखाली वाटायची मुभा त्यातून मिळत नाही.

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे विचारा. ईमेलने विचारू नका, त्या रेपोवर इश्यू, म्हणजे सर्वांना दिसणारी विचारणा, उघडून विचारा, आणि मागणी नेमकी ठेवा: या फाइलीला बीएसडी किंवा एमआयटी परवाना लावून रेपोत लायसन्स फाइल टाकाल का? खाजगी मेलमध्ये आलेले ‘हो हो, खुशाल वापरा’ तुमच्यापुरते असते. तुमचा कोड घेऊन पुढे जाणाऱ्या तिसऱ्या माणसाला ते लागू होत नाही, आणि खुल्या परवान्याचा सगळा मुद्दा तो तिसरा माणूसच आहे. फाइलीच्या वरच्या टिपाही वाचून घ्या. अशा सुट्या सी फाइली पुष्कळदा आणखी कुठून तरी उचललेल्या असतात, आणि मग रेपोच्या मालकाची परवानगीही कामाची नसते. आत ‘एनआरयूटिल’ नावाची हेडर फाइल दिसली तर न्यूमेरिकल रेसिपीज या पुस्तकातला कोड असण्याची शक्यता धरा. पुस्तक विकत घेतले तरी त्यातला सोर्स कोड पुढे वाटता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे फाइल काढून टाका. माझे मत इथे स्पष्ट आहे: उत्तराची वाट पाहत रिलीज अडवून ठेवू नका. ती फाइल सावोला पद्धतीने शाई वेगळी करते असे धरले, तर तीच पद्धत सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीत थ्रेशोल्ड-सावोला या फंक्शनात तयार आहे आणि परवाना तीन कलमी बीएसडी आहे. पद्धतीवर, म्हणजे अल्गोरिदमवर, कॉपीराइट नसतो, तो लिहिलेल्या कोडवर असतो. म्हणून सावोला यांचा २००० सालचा लेख उद्धृत करायचा आणि कोड बीएसडीचा घ्यायचा. मात्र त्या सी फाइलीचे ओळीला ओळ लावून पायथनमध्ये रूपांतर करून ‘आम्हीच लिहिले’ म्हणू नका. ते रूपांतरच राहते आणि मूळ लेखकाचा हक्क त्यावर कायम असतो.

बदल करताना निकाल हलतात, इकडे लक्ष ठेवा. सायकिट-इमेजमध्ये खिडकी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याभोवती पाहिला जाणारा चौकोन, मुळात १५ पिक्सेलची असते आणि सूत्रातला ‘के’ ०.२. तीनशे डीपीआयवर स्कॅन केलेल्या, बोरूने लिहिलेल्या जाड मोडी अक्षरांना १५ ची खिडकी बहुधा अपुरी पडते. आकडा विषमच लागतो, तो वाढवत जा. सूत्रातला दुसरा आकडा ‘आर’ तुम्ही दिला नाहीत तर तो चित्राच्या प्रकारावरून काढला जातो. आठ बिटी चित्राला १२७.५ येतो, मूळ लेखातला १२८ आहे, तेव्हा तिथे फारसे बिघडत नाही. पण चित्र आधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, बदललेले असेल तर ‘आर’ वेगळाच पडतो आणि फिकट शाई गायब होते. तो स्वतः लिहून द्या. आणि लेखातला तक्ता नव्या कोडवर पुन्हा चालवून घ्या. जुन्या कोडचे आकडे छापून नवा कोड वाटला की पहिला परीक्षकच पकडतो.

योलोकडे वळू. अल्ट्रालिटिक्सचा हा कोड एजीपीएल-३.० खाली आहे: ‘माझ्यासह जे वाटाल तेही याच अटींवर खुले ठेवा’ म्हणणाऱ्या जीपीएल घराण्यातला हा परवाना. योलोव्ही५ आधी जीपीएल-३.० होते, २०२३ मध्ये तेही एजीपीएलवर गेले. त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमध्ये वाचलेले धरून चालू नका. तुमच्या स्वतःच्या फाइली एमआयटीखाली ठेवता येतात, कारण एमआयटी एजीपीएलशी जुळते. पण दोन्ही मिळून जे एक सॉफ्टवेअर वाटले जाते त्याला एजीपीएलच्या अटी लागतात. रीडमीत मोठ्या अक्षरांत एमआयटी लिहून वापरणाऱ्याला अंधारात ठेवणे हे कायद्याइतकेच सौजन्यालाही धरून नाही. त्यांच्या कोडवर प्रशिक्षित केलेल्या मॉडेललाही एजीपीएल लागू होतो अशी कंपनीची भूमिका आहे. ती कोर्टात टिकेल की नाही यावर वाद घालता येईल, पण शोधनिबंधाच्या सॉफ्टवेअरवर ती परीक्षा कशाला घ्यायची?

मग काय करायचे? संपूर्ण प्रकल्प एजीपीएल-३.० खाली द्या, हा एक सरळ पर्याय आहे. तो ओएसआयमान्य (ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मान्य केलेला) परवाना आहे, म्हणजे ओएसआयमान्य परवाना मागणारी नियतकालिके त्यावर हरकत घेत नाहीत. फक्त कलम १३ वाचून ठेवा: बदललेले सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवून लोकांना जाळ्यावरून वापरू दिलेत, तर त्या लोकांना त्याचा सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. विभागाच्या सर्व्हरवर डेमो टाकायचा विचार असेल तर पानावर रेपोचा दुवा द्या, आणि तो चालू असलेल्या नेमक्या कमिटचा, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या अवस्थेचा, द्या. दुसरा पर्याय म्हणजे ओळी शोधायचे काम टॉर्चव्हिजनमधल्या फास्टर आर-सीएनएनवर न्या. तो कोड बीएसडी आहे. मॉडेल पुन्हा शिकवावे लागेल, अचूकता थोडी इकडेतिकडे होईल. आणि आधीच शिकवलेली वजने, म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेले आकडे, घेतलीत तर ती कोणत्या डेटावर शिकवली आणि त्या डेटाच्या अटी काय, हे वेगळे पाहायचे. कोडचा परवाना आणि वजनांचा परवाना एकच असतो असे गृहीत धरणे ही हल्लीची सर्वांत पसरलेली चूक आहे.

तिसरी वाट मधली आहे. ओळी शोधणारा भाग स्वतंत्र प्रोग्राम म्हणून वेगळ्या रेपोत, एजीपीएलखाली ठेवायचा. तो चित्र घेतो आणि ओळींचे कोपरे एका जेसन फाइलीत लिहितो. मुख्य सॉफ्टवेअर ती फाइल वाचते, ओळी कुणी शोधल्या याच्याशी त्याला देणेघेणे नाही. असे खरेखुरे वेगळे केले तर मुख्य भागावर एमआयटी किंवा बीएसडी ठेवता येते. नुसते फोल्डर वेगळे करून आतून इंपोर्ट चालू ठेवले तर काही साधत नाही.

पायक्यूटीचे दुखणे त्यामानाने सोपे. पायक्यूटी५ जीपीएल-३.० किंवा पैसे देऊन घेतलेला व्यापारी परवाना, अशा दोनच रूपांत मिळते. ते आत बांधलेली एक्झी जीपीएलखालीच वाटावी लागते. पायसाइड६ हे त्याच क्यूटीला, म्हणजे खिडक्या-बटणांच्या लायब्ररीला, पायथनशी जोडणारे दुसरे पॅकेज आहे आणि एलजीपीएल-३.० खाली मिळते. बदल बराचसा यांत्रिक आहे: पायक्यूटी-सिग्नल आणि पायक्यूटी-स्लॉट यांच्या जागी नुसते सिग्नल आणि स्लॉट, शेवटी अंडरस्कोर असलेल्या एक्झेकच्या जागी बिनअंडरस्कोरचे, आणि क्यू-ॲक्शन आता क्यूटी-विजेट्समधून नव्हे तर क्यूटी-गुईमधून आणायचे. नियतांक, म्हणजे अलाइनमेंटची वगैरे नावे, पूर्ण मार्गासकट लिहा. सगळ्याच क्यूटीला मात्र एलजीपीएल नाही. क्यूटी चार्ट्स आणि डेटा व्हिज्युअलायझेशन हे भाग खुल्या आवृत्तीत जीपीएलच आहेत. आलेख मॅटप्लॉटलिबने काढा, प्रश्नच मिटेल.

एलजीपीएलचा आत्मा असा की वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून स्वतःची आवृत्ती घालता आली पाहिजे. म्हणून पायइन्स्टॉलरने एक्झी बांधताना एकाच फाइलीत सगळे गुंडाळण्याऐवजी एका फोल्डरची पद्धत घ्या. क्यूटीच्या डीएलएल तिथे उघड्या राहतात, अट पाळली जाते आणि वर एक्झी लवकरही उघडते. पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएलखाली आहे म्हणून घाबरू नका. त्याच्या परवान्यात खास अपवाद आहे आणि बांधलेल्या प्रोग्रामला तुमचा परवाना लावता येतो. पायटॉर्च मात्र एक्झीत बांधायचेच तर सीपीयूवालेच बांधा. जीपीयूवाल्या पायटॉर्चसोबत एनव्हिडियाची पॅकेजे येतात, त्यांच्या अटी खुल्या परवान्याच्या नाहीत आणि फोल्डर काही जीबींचे होते ते वेगळेच.

एक्झीत नक्की काय गेले हे पाहायची सवय हवी. याचे नेमके उदाहरण ओपनसीव्हीचे. ओपनसीव्ही ४.५.० पासून अपाची-२.० खाली आहे, त्याआधी बीएसडी होते. पण पिपवरून येणारे ओपनसीव्ही-पायथन हे पॅकेज उघडून पाहिले तर बांधणीच्या स्क्रिप्ट एमआयटी, आत ओपनसीव्ही अपाची-२.०, सोबत व्हिडिओ हाताळणारे एफएफएमपेग एलजीपीएल-२.१, आणि लिनक्सवरच्या खिडकीवाल्या व्हीलमध्ये (तयार बांधलेल्या पॅकेजमध्ये) क्यूटी५ एलजीपीएल-३.०. एका नावाखाली चार परवाने. तुमच्या सॉफ्टवेअरला ओपनसीव्हीची खिडकी लागत नाही, म्हणून ‘हेडलेस’ आवृत्ती घ्या. क्यूटी कमी होते, आणि पायसाइडच्या क्यूटीशी होणारी भांडणेही थांबतात. नमपायच्या व्हीलमध्येही ओपनब्लास आणि जीसीसीची फोरट्रान रनटाइम असते. त्यातली दुसरी जीपीएलची, पण बांधलेल्या प्रोग्रामला मुभा देणाऱ्या अपवादासह. घाबरण्यासारखे काही नाही, फक्त त्यांचे मजकूर सोबत गेले पाहिजेत.

यादी काढायला पिप-लायसन्सेस हे साधन पुरते. नव्या, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये फक्त तुमचे सॉफ्टवेअर बसवून मग चालवा. रोजच्या वापरातल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवलेत तर ज्युपिटर आणि त्याचे सगे-सोयरे यादीत येतात. परवान्याचा पूर्ण मजकूर जोडायचा पर्याय त्यात आहे, तो लावा. त्याची मर्यादा अशी की पॅकेज लिहिणाऱ्याने जे जाहीर केले तेच ते वाचते. व्हीलच्या पोटातले एफएफएमपेग त्याला दिसत नाही. ‘अननोन’ आले तर त्या पॅकेजचा रेपो उघडून डोळ्यांनी पाहा. आणि वेष्टन व ऐवज यांचे परवाने वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा: पायएफएफटीडब्ल्यू हे वेष्टन बीएसडी आहे, पण आतले एफएफटीडब्ल्यू जीपीएल. फूरिए रूपांतरासाठीच ते घेतले असेल तर सायपायचे स्वतःचे एफएफटी वापरा, त्यामागचे पॉकेटएफएफटी बीएसडी आहे. मजकूर साफ करायला अनेकजण युनिडिकोड घेतात, तेही जीपीएल आहे.

आता रेपोत काय ठेवायचे. मुळाशी लायसन्स नावाची फाइल, तिच्यात फक्त तुमचा परवाना, शब्द न बदलता. त्यात ‘कृपया उद्धृत करा’ अशी ओळ घुसवू नका. तसे केले की तो एमआयटी राहत नाही आणि गिटहबही त्याला ओळखत नाही. परक्यांसाठी वेगळी फाइल, नाव ‘थर्ड-पार्टी-नोटिसेस’ वगैरे. प्रत्येक नोंद अशी दिसावी:

सायकिट-इमेज, आवृत्ती अमुक. परवाना: तीन कलमी बीएसडी. कॉपीराइटची ओळ मूळ फाइलीत आहे तशी. कुठे आहे: फक्त विंडोजच्या बांधणीत. बदल: नाही. त्याखाली परवान्याचा पूर्ण मजकूर.

कॉपीराइटची ओळ नुसती ‘सायकिट-इमेज टीम’ अशी स्वतःच्या शब्दांत लिहू नका, जशी आहे तशीच उतरवा. बीएसडी आणि एमआयटी दोघांनाही तेवढेच हवे असते. बीएसडीत एक बारकावा: सोर्स वाटताना ओळ फाइलीत टिकवायची, बायनरी वाटताना सोबतच्या कागदपत्रांत द्यायची. तीन कलमीत त्यांच्या नावाने स्वतःची जाहिरात करायची नाही, म्हणजे ‘अमुक गटाची मान्यता असलेले’ असे रीडमीत लिहायचे नाही. अपाची-२.० ची मागणी थोडी अधिक आहे. परवान्याची प्रत द्या, बदललेल्या फाइलीत बदल केल्याचे लिहा, आणि मूळ कामासोबत नोटिस नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची नोंद पुढे न्या. ही शेवटची अट विसरली जाते, कारण नोटिस फाइल मुळाशी असते आणि उतरवणारा फक्त आतले फोल्डर उचलतो.

परका कोड रेपोत घ्यायचाच असेल तर ‘व्हेंडर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या कमिटमध्ये घ्या, आणि कमिटच्या संदेशात कुठून, कोणत्या कमिटवरून, कोणत्या तारखेला हे लिहा. आधी जसाच्या तसा उतरवा, बदल पुढच्या कमिटमध्ये करा. मग दोन वर्षांनी कुणी विचारले तरी गिटच उत्तर देते. तुमच्या स्वतःच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची एक ओळ टाका: एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर आणि पुढे परवान्याचे छोटे नाव. नोटबुकमधून कोड बाहेर काढताना डोक्यावरच्या ओळी गळतात. युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे ‘रीयूज’ हे साधन त्या हुडकून देते.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या फंक्शनाचे काय? तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए खाली असतो. २ मे २०१८ पासूनचा ४.०, त्याआधी ८ एप्रिल २०११ पर्यंत मागे गेलात तर ३.०, त्याही आधी २.५. ४.० चा मजकूर जीपीएल-३.० मध्ये नेता येतो, उलट येत नाही, आणि एमआयटीत तर नेता येतच नाही. दोन-तीन ओळींची सरधोपट गोष्ट असेल तर फार ताणू नका. तीस-चाळीस ओळींचे अक्कल लावून लिहिलेले फंक्शन असेल तर काय करते ते समजून घ्या, खिडकी बंद करा आणि स्वतः लिहा. वर टिपेत उत्तराचा दुवा द्या. तो परवान्यासाठी लागत नाही, पण पुढच्या वाचकाला उपयोगी पडतो.

फॉन्टला फार वेळ लागत नाही. नोटो सान्स मोडी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली आहे. एक्झीत घालता येतो, परवान्याची प्रत सोबत द्यायची, सुटा फॉन्ट विकायचा नाही, आणि त्यात बदल केलात तर बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली ठेवायचा. सॉफ्टवेअरला तो परवाना चिकटत नाही.

मग तुमचा परवाना कोणता? योलो आणि पायक्यूटी काढले तर माझी पसंती तीन कलमी बीएसडीला आहे. एमआयटीने काही बिघडत नाही, पण नमपाय, सायपाय, सायकिट-इमेज हे सगळे शेजार बीएसडीचे आहे. उद्या तुमचे ओळी तोडायचे फंक्शन सायकिट-इमेजने घ्यायचे ठरवले तर काही बदलावे लागणार नाही. जीपीएल निवडणेही गैर नाही. सुधारणा खुल्याच राहाव्यात असे तुम्हाला मनापासून वाटत असेल तर निवडा, पण मग तुमचा कोड त्या शेजारात जाणार नाही हे मान्य करून. जीपीएल-२ ‘फक्त’ असलेली एखादी लायब्ररी असेल तर तिचे अपाची-२.० शी, म्हणजे तुमच्या ओपनसीव्हीशी, जुळत नाही. ‘दोन किंवा पुढची’ असे लिहिले असेल तर जुळते. कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स लावू नका, तसे करू नका असे ती संस्था स्वतःच सांगते.

परवाना द्यायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न मार्गदर्शकांनी आधी सोडवावा. कलम १७(सी) प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. प्राध्यापक नोकरीत आहेत, विद्यार्थी बहुधा नाहीत, आणि प्रकल्पाला बाहेरचा निधी असेल तर त्या करारात आणखी काही लिहिलेले असते. विद्यापीठाचे बौद्धिक संपदा धोरण काढून वाचा. विभागप्रमुखांकडून ‘हे सॉफ्टवेअर अमुक परवान्याखाली खुले करण्यास हरकत नाही’ अशा दोन ओळी लेखी घ्या, आणि मागे येऊन काम करून गेलेल्या इंटर्नकडूनही ईमेलने होकार घ्या. सहा महिन्यांचे काम करून नोकरीला गेलेला मुलगा शोधायला आज एक फोन लागतो, पाच वर्षांनी तो सापडत नाही. पुढच्या योगदानांसाठी डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनची पद्धत चांगली आहे. कमिट करताना साइन-ऑफची ओळ जोडायची, एवढेच.

दुसरी वही श्रेयाची. पिप-फ्रीझमध्ये सत्तर नावे आली म्हणून सत्तर उद्धरणे द्यायची नसतात. कसोटी अशी लावा: ही लायब्ररी बदलली तर लेखातला आकडा बदलू शकतो का? नमपाय, सायपाय, सायकिट-इमेज, ओपनसीव्ही, पायटॉर्च यांचे उत्तर ‘हो’ येते. प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या पॅकेजचे ‘नाही’. ‘हो’ वाल्यांना संदर्भयादीत घाला, त्यांनीच सुचवलेल्या उद्धरणासह, आणि मजकुरात आवृत्ती क्रमांक द्या. नमपायसाठी नेचर २०२०, सायपायसाठी नेचर मेथड्स २०२०, सायकिट-इमेजसाठी पीअरजे २०१४. संदर्भांवर मर्यादा असेल तर परिशिष्टात न्या. फक्त आभारात नाव घालून भागवू नका, उद्धरणे मोजणारी यंत्रणा आभार मोजत नाही. उरलेल्या पासष्ट नावांसाठी आवृत्त्यांसह लॉक फाइल रेपोत पुरेशी आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरचे उद्धरण इतरांनी कसे करावे ते ‘सायटेशन’ नावाच्या, सीएफएफ प्रकारच्या फाइलीत लिहा. किमान चार गोष्टी लागतात: स्वरूपाची आवृत्ती १.२.०, संदेश, शीर्षक आणि लेखक. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. ही फाइल यामल, म्हणजे मोकळ्या जागांवर मांडणी ठरणाऱ्या स्वरूपाची, असते, त्यामुळे टॅब आला की मोडते आणि गिटहबवरून उद्धरण मिळत नाही. सीएफएफकन्व्हर्ट या साधनाने तपासून मगच कमिट करा.

काकांचे नाव इथे विसरू नका. रुमालातले, म्हणजे दप्तराच्या गाठोड्यातले, कागद वाचून अक्षराला अक्षर लावून देणे हे आभारात उरकायचे काम नाही. त्यांच्या खुणा आणि वाचन हा वेगळा डेटासंच करा, त्याला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, घ्या, लेखक म्हणून त्यांचे नाव घाला आणि परवाना सीसी बाय ४.० ठेवा, अर्थात त्यांची लेखी संमती घेऊन. स्कॅनचा मुद्दा निराळा. कागद शंभर-दीडशे वर्षांचे असले तरी दप्तराने प्रती कोणत्या अटीवर दिल्या ते पाहा. प्रकाशनाची लेखी परवानगी नसेल तर स्कॅन बाहेर ठेवा, फक्त रुमाल क्रमांक, पान आणि ओळींचे कोपरे द्या. ज्याला पडताळायचे तो दप्तरातून प्रत मागवील.

झेनोडोवर, म्हणजे संशोधनाच्या फाइली जपून डीओआय देणाऱ्या भांडारात, टाकताना क्रम महत्त्वाचा. आधी झेनोडोत रेपोचा खटका चालू करा, मग गिटहबवर रिलीज काढा. आधी काढलेली रिलीज ते मागे जाऊन उचलत नाही. दोन डीओआय मिळतात, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. लेखात आवृत्तीचा द्या, कारण आकडे तिचेच आहेत. रीडमीत सामाईक. रेपोत झेनोडोची स्वतःची जेसन फाइलही असेल तर झेनोडो सीएफएफकडे पाहतच नाही, म्हणून दोन्हींतली एकच ठेवा. गिटहबच्या झिपमध्ये सबमॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या रेपोकडे नुसते बोट दाखवणारी फोल्डरे, भरून येत नाहीत. व्हेंडर फोल्डर सबमॉड्यूल असेल तर झेनोडोवर रिकामे फोल्डर जाते आणि सोबतचे परवानेही. झिप स्वतः उतरवून, उघडून, कोऱ्या संगणकावर बसवून पाहा.

डॉकर इमेज देणार असाल तर तीही वाटपच आहे, आत बहुधा डेबियन ही अख्खी लिनक्स प्रणाली असते. आकार कमी करायला यूएसआर-शेअर-डॉक फोल्डर पुसायची सूचना जागोजागी मिळते. परवान्यांच्या फाइली तिथेच असतात, ते पुसू नका. खरे तर नुसती डॉकरफाइल द्या, इमेज ज्याची त्याने बांधावी. तुमचे निम्मे ओझे कमी होते.

आणि रिलीजनंतर कुणी ‘माझी फाइल तुमच्यात आहे’ म्हणून लिहिले तर वाद घालत बसू नका. जीपीएल-३.० च्या कलम ८ प्रमाणे पहिल्यांदाच सूचना आली असेल आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली तर हक्क पूर्ववत होतात. जीपीएल-२ मध्ये ही सवलत नाही, तिथे हक्क आपोआप संपतात आणि मालकाकडून परत मागावे लागतात. त्याच आठवड्यात दुरुस्त रिलीज काढा, बदलांच्या नोंदीत काय काढले किंवा कोणाची नोटिस जोडली ते सरळ लिहा, झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा आणि जुन्या आवृत्तीच्या वर्णनात नवीकडे बोट दाखवणारी एक ओळ टाका. जुनी एक्झी मात्र रिलीजच्या पानावरून उतरवा, कारण वाटप चालू राहते ते तिथूनच.